काकांच्या मॉरिसची पिचकारी

आमच्या घरात एखादं काम बिघडवायचं असेल तर ते रविवारी काढावं. रविवारी माझा थोरला भाऊ चारुदत्त कोर्टात नसतो, मिरजोळ्याच्या कारखान्यातले इंजिनियर वैशंपायन सुट्टीवर असतात, आगाशे भटजींच्या सकाळच्या पूजा आटोपलेल्या असतात, आणि तिघांनाही पोहे लागतात. मग अंगणात खुर्च्या येतात, चहा येतो, पुन्हा चहा येतो आणि कामाची माती होते. पंपाचं जोतं त्यांनी असंच बसवलं, ते अजून तिरकं आहे. शहाऐंशी साली त्यांनी माझी गाडी धरली.

माझी म्हणते, कारण माझीच. श्रीपतीकाका नैरोबीत रेल्वेत होते. लोक आफ्रिकेतून सोनं आणतात म्हणे, काकांनी करड्या रंगाची मॉरिस मायनर आणली. बासष्टची. लग्न केलं नव्हतं, बडदास्त ठेवायला दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे सगळी माया त्या गाडीवर. आणि थोडी माझ्यावर. मला त्यांनी सड्यावर नेऊन गाडी शिकवली. तिथे ना झाड ना माणूस, नुसता कातळ, तेव्हा कितीही चुकलं तरी कोणाचं काही जात नव्हतं. चारुदत्तलाही शिकवायला निघाले होते. तो एकदा बसला, गिअरचा कर्रकन आवाज झाला, आणि ‘ही यंत्रं माझ्या प्रकृतीला मानवत नाहीत’ असं म्हणून जो उतरला तो उतरलाच. पुढे काकांचे गुडघे गेले. मग मीच त्यांना बागेत, देवाला, डॉक्टरकडे फिरवत असे. जायच्या आधी त्यांनी माजघरात सगळ्यांना बोलावून सांगितलं, “बाग दोघांची, गाडी मालूची.” चारुदत्तने मान हलवली. वकिलाला मान हलवायला काय लागतं!

त्या गाडीत एकच खोड होती. समोरच्या काचेवर पाणी मारायची जी पिचकारी असते ती हाताची होती. पुढच्या फळीवर, मधोमध, एक काळं बटण. ते अंगठ्याने तीन-चारदा आत ढकलायचं, मग दोन टोट्यांतून काचेवर पाणी उडायचं. उजवा हात स्टिअरिंगवर, म्हणजे ढकलायचं डाव्याने. आणि माझा डावा हात कोपरात वाकडा आहे. लहानपणी जांभळीवरून पडले, हाड बसवणाऱ्याने बसवलं ते तसंच बसलं. गिअर टाकायला अडचण नाही, पण त्या बटणापर्यंत पोचायचं तर सगळं अंग पुढे घालावं लागतं.

पाणी लागतं कशाला, असं कोणी घाटावरचा विचारील. मोहोराच्या दिवसांत आंब्याखाली गाडी लावून बघा म्हणावं. मोहोरावर तुडतुडे पडले की पानापानावरून चिकटा गळतो. साखरेच्या पाकासारखा. काचेवर बसतो, त्यावर रस्त्याची तांबडी धूळ बसते, वायपर फिरवला की नुसता चिखल सारवला जातो. पाणी मारल्याशिवाय गत नाही.

त्या वर्षी तेच झालं. आमची बाग गोळपच्या वाटेवर, भाट्याचा पूल ओलांडून चढाव चढलं की. फवारणी करून घेतली, गाडी दुपारभर आंब्याखाली होती. परत निघाले तर उन्हाची तिरीप काचेवर आली आणि समोरचं काही दिसेना. बटण दाबायला वाकले. एकदा दाबलं, दोनदा दाबलं, तिसऱ्यांदा दाबेपर्यंत गाडी डावीकडे गेली आणि बागेच्या दगडी कुंपणावर, गडग्यावर चढली. चार चिरे खाली आले, दिवा फुटला, मडगार्ड वाकलं. मला खरचटलंसुद्धा नाही. आमचा गडी महिपत धावत आला, त्याने आधी मला बघितलं, मग गाडीला बघितलं आणि म्हणाला, “गडगा मी घालतंय परत, बाय. तुमी नका घाबरू.” माणूस असा असतो.

आणि आमचा बंधू! त्याने आधी विचारलं काय, तर “कोणी पाहिलं का?” मग खुंटीवरची किल्ली घेतली आणि काळ्या कोटाच्या खिशात टाकली.

“आता पुरे,” तो म्हणाला. “उद्या कोणी माणूस मेलं म्हणजे?”

“हाताच्या पिचकारीमुळे झालं ते. चालवण्यामुळे नाही.”

“मग पिचकारी बदलू. विजेची बसवू. हल्लीच्या छोट्या गाड्यांत असते, बटण दाबलं की झालं. वैशंपायनांना सांगतो. ती बसली की चालव खुशाल.”

“शब्द?”

“शब्द,” चारुदत्त म्हणाला.

भांडले असते, पण मला गाडी हवी होती. बाग मी बघते; चारुदत्त बागेत जातो तो आंब्याची पहिली पेटी भरायच्या दिवशी. फवारणी सकाळी वारा पडलेला असताना व्हायला हवी, राखणीवर नजर हवी, आणि एसटीने गेलं की उन्हं चढल्यावर पोचायचं आणि परतीची गाडी चुकली की फाट्यावर झाडासारखं उभं राहायचं. पण खरं सांगायचं तर तेवढंच नव्हतं. गाडी असली की मी बागायतदार होते. गाडी नसली की मी चारुदत्त वकिलांची बिनलग्नाची बहीण, जिला कुठे जायचं तर विचारून जायचं. त्रेचाळीस वर्षांची बाई ‘जाऊ का’ विचारते हे ऐकायलाही मला शरम वाटते.

पहिल्या रविवारी मंडळी जमली. वैशंपायनांच्या मेव्हण्याने मुंबईहून पंप पाठवला होता, मुठीएवढा, प्लॅस्टिकचा, दोन वायरी निघालेल्या, एक तांबडी, एक काळी. वैशंपायनांच्या हाताखाली कारखान्यात माणसं आहेत, त्यामुळे स्वतः पान्हा धरायची सवय त्यांना उरलेली नाही. ते बोट दाखवतात. बोटासमोर काम करायला विठू वायरमन आणला होता. विठू म्हणजे गणपतीत कर्णे लावणारा. त्याच्या कर्ण्यांतून आरती कमी आणि शिट्टी जास्त ऐकू येते, पण स्वस्त पडतो म्हणून सगळे त्यालाच बोलावतात. आगाशे भटजींचं काम काय होतं ते मला आजतागायत कळलेलं नाही. बहुधा पोहे.

आधी त्यांनी जुनी पिचकारी काढली. काढली म्हणजे उपटली. बाटलीच्या तळाशी पितळेची एक बारीक जाळी होती, पाण्यातला कचरा अडवायला. वैशंपायन म्हणाले, “हे काय जुनाट!” आणि जाळी फणसाच्या बुंध्याशी भिरकावली. मी शोधली, मिळाली नाही. मग नवा पंप बसला, स्टिअरिंगच्या उजव्या अंगाला, माझ्या हाताशी, बटण बसलं. तेवढं मात्र मला आवडलं. खोटं कशाला बोलू?

“काळी वायर बॉडीला, तांबडी बटणाला,” वैशंपायनांनी बोट नाचवलं. “जगभर हेच.”

विठूने जोडल्या. चारुदत्तने बटण दाबलं. पंप गुरगुरला. काचेवर थेंब नाही. उलट पाण्याच्या बाटलीत गुडगुड गुडगुड बुडबुडे यायला लागले, जसा कोणी आत बसून हुक्का ओढतोय.

“हवा आहे नळीत,” वैशंपायन म्हणाले. नळी काढली, झटकली, घातली. गुडगुड. पंप उघडला, पुसला, लावला. गुडगुड. तिसरा चहा झाला. शेवटी विठूने बॅटरी पाहिली आणि डोकं खाजवत म्हणाला, “साहेब, हित प्लस बॉडीला हाय.”

“शक्यच नाही.”

“बघा की.”

वैशंपायनांनी पाहिलं. चष्मा काढून पुसून पुन्हा पाहिलं. “विचित्र गाडी आहे. सगळ्या गाड्यांत वजा बाजू बॉडीला असते, हिच्यात अधिक. सगळंच उलटं.”

आता एखाद्याला वाटेल, पुढचं पाऊल सरळ आहे: गाडी उलटी, तर पंपाच्या दोन वायरी उलट्या लावा. मला यातलं ओ की ठो कळत नाही, मला फक्त चालवता येतं, पण मलाही वाटलं की काहीतरी सोपंच असणार. पण सोपं सुचलं तर ती मंडळी कसली! तेवढ्यात आगाशे भटजी खुर्चीत पुढे सरसावले. इतका वेळ बशीतले शेंगदाणे वेचत होते.

“उलटं? म्हणजे गाडी अपसव्य आहे म्हणा की!”

जानवं एरवी डाव्या खांद्यावर असतं ते सव्य. श्राद्धाला पितरांचं काम करताना तेवढं उजव्या खांद्यावर घेतात, ते अपसव्य. हे आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. पण मॉरिस गाडीला जानवं घालणारा पहिला माणूस आगाशे.

“अहो वकील, हे साधं नाही,” ते म्हणाले. “अपसव्य हे पितरांच्या कामाला. रोजच्या वाहनाला अपसव्य? छे छे छे. तरीच मी म्हणतो, गाडी आपणहून गडग्यावर कशी जाईल?”

“आपणहून गेली नाही,” मी म्हटलं. “मी नेली.”

“तुम्ही निमित्त,” आगाशे हात झटकून म्हणाले.

जळ्ळं मेलं! अपघात केला तो मी, आणि तोही माझ्या पदरात राहू देईनात. निमित्त म्हणे!

चारुदत्तला मात्र ते पटलं. त्याचं असंच आहे, अशिलाचं काही पटत नाही आणि आगाशांचं सगळं पटतं. बॅटरीच उलटी करून अख्खी गाडी सव्य करायची असं ठरलं. वैशंपायन आधी कुरकुरले, मग ‘तत्त्वतः शक्य आहे’ म्हणाले. मी बॉनेटपाशी जाऊन उभी राहिले.

“बॅटरीला हात लावायचा नाही. काका म्हणायचे, हिचं आहे तसं असू द्या, नाहीतर डायनॅमो जळेल.”

“काका आता नाहीत,” चारुदत्त म्हणाला.

“म्हणून तर बोलतोयस.”

हाणामारी व्हायची ती टळली कारण आगाशांनी पंचांग काढलं. त्या दिवशी असलं काम करायला योग नव्हता. पुढच्या रविवारी त्यांना सत्यनारायण होता. त्याच्या पुढच्या रविवारी वैशंपायनांचे व्याही आले. तोवर गाडी आमच्या अंगणातल्या रायवळ आंब्याखाली उभी, बॉनेट अर्धवट उघडं, आणि मी एसटीच्या थांब्यावर. एके दिवशी एसटी आलीच नाही, दुसऱ्या दिवशी आली ती भरलेली. मी पोचेपर्यंत वारा सुटलेला आणि फवारणीची माणसं विड्या ओढत बसलेली. महिपत एकटा किती बघणार? आठवड्याभरात बागेच्या खालच्या अंगाचा मोहोर काळा पडला. चिकट्यावर बुरशी धरली की तसाच काळा पडतो, काजळी फासल्यासारखा. मी ते बघून तिथेच खाली बसले. दरवर्षी त्याच झाडांची पहिली पेटी निघते. मला इतका संताप आला की रडूही येईना.

घरी येऊन सांगितलं तर चारुदत्त म्हणाला, “शेती आहे, चालायचंच.” त्याच्या तोंडात लाडू होता. कमलवहिनीने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. ती बिचारी बोलली असती तर दुसऱ्या दिवशी त्याने तिच्याशी बोलणं सोडलं असतं. त्याला ते जमतं, महिनामहिना.

मग एकदाचा तो रविवार उजाडला. बॅटरी उलटी करायच्या आधी देवाला गाऱ्हाणं घालायचं म्हणून आगाशे नारळ घेऊन उभे. विठूला सांगितलं होतं की आधी पंपाच्या वायरी काढून ठेव. त्याने काढल्या, पुसल्या, मग त्याला वाटलं की नारळ फुटेपर्यंत परत लावून ठेवायच्या आहेत. लावल्या. कुठली कुठे लावली त्याची त्याला शुद्ध नव्हती, कारण त्याचं सगळं लक्ष खोबऱ्याकडे. चारुदत्त कोट सावरत स्टिअरिंगमागे बसायला गेला, त्याच्या गुडघ्याचा बटणाला धक्का लागला आणि पाण्याची सणसणीत धार काचेवरून उडून थेट आगाशांच्या सोवळ्यावर.

मग काय तो जल्लोष! वैशंपायन म्हणाले, “मी म्हटलंच होतं, नळीतली हवा जायला वेळ लागतो.” आगाशे ओल्या सोवळ्याने म्हणाले, “गाऱ्हाणं पुरतं घालायच्या आतच ऐकलं हो देवाने!” चारुदत्त म्हणाला, “धीर धरला की सगळं होतं.” विठू खोबरं चावत होता, त्याला अख्खी वाटी मिळाली होती. आंधळ्याच्या गाई देव राखतो म्हणतात ते काही खोटं नाही. बॅटरी वाचली, डायनॅमो वाचला, आणि मी देवघरात जाऊन हात जोडले, भटजींसाठी नव्हे, गाडीसाठी.

वाटलं, झालं. आता किल्ली मागावी. तर नाही! पहिलं पाणी देवाचं हवं. कमलवहिनी माहेरच्यांबरोबर गणपतीपुळ्याला गेली होती, तिने तांब्याभर तीर्थ आणलं होतं. दूर्वांची पाती तरंगत होती, खाली चार अक्षता. ते पिचकारीच्या बाटलीत ओतायचं ठरलं.

विठूने विचारलं, “गाळून घालू?”

“तीर्थ गाळतात होय रे मेल्या?” आगाशे कडाडले.

ओतलं. दूर्वांसकट. मी तोंड उघडलं होतं, पण म्हटलं जाऊ दे, देवाचं नाव निघालंय, आता मी बोलले तर पाप माझ्या माथी. एकदा गाडी हातात येऊ दे.

“आता चाचणी,” वैशंपायन म्हणाले. “रस्त्यावर, वेगात, काच मळलेली असताना. त्याशिवाय खात्री नाही.”

“हो, चाचणी,” चारुदत्त म्हणाला.

“हो, हो,” आगाशे म्हणाले.

आणि सगळे उभे. कोणी हलेना. वैशंपायनांकडे स्कूटर, विठूकडे सायकल, आगाशांना दुसऱ्याच्या गाडीच्या मागच्या सीटची सवय, आणि चारुदत्तची प्रकृती मी आधीच सांगितली. इतके रविवार चौघांनी उंटावरून शेळ्या हाकल्या, आणि चौघांपैकी एकालाही ती गाडी फाटकाबाहेर काढता येत नव्हती. मी मुद्दाम पोह्यांच्या बशा गोळा करत राहिले.

“मालू,” चारुदत्त शेवटी म्हणाला, “जरा... तेवढी फिरवून आण.”

मी हात पुढे केला. त्याने खिशातून किल्ली काढून हातावर ठेवली. किती दिवसांनी! किल्ली त्याच्या अंगाने गरम झालेली होती, तेही मला आवडलं नाही.

चौघेही गाडीत बसले. चाचणी म्हणजे सगळ्यांनी बघायला हवी. चारुदत्त माझ्या शेजारी, मागे ते तिघं, मध्ये विठू अंग चोरून. इंजिन पहिल्या हाकेला उठलं. मॉरिसचा तो फट्फट् आवाज ऐकला आणि मला इतकं बरं वाटलं की मागचे तिघं क्षणभर विसरायला झाले. भाट्याचा पूल ओलांडला, खाडीचा वारा आत आला. पुढे चढाव लागला. काचेवर अंगणातल्या आंब्याचा चिकटा होताच. एक चिऱ्यांचा ट्रक वरून आला, पुलाजवळच्या रुंदीत आम्हाला घासून गेला आणि पोतंभर धूळ काचेवर टाकून गेला. पुढे रस्ता एका गाडीपुरता, दोन्ही बाजूंना गडगे.

“दाब!” मागून वैशंपायन ओरडले.

मी दाबलं. पंप गुरगुरला. चारुदत्तच्या बाजूच्या टोटीतून कारंजं उडालं, वायपरने सपकन पुसलं, त्याच्यासमोरची काच आरशासारखी लख्ख झाली. माझ्या बाजूच्या टोटीतून थेंब नाही. वायपरने माझ्यासमोर चिखल सारवला.

“वा!” चारुदत्त म्हणाला. “काय स्वच्छ दिसतंय! वैशंपायन, मानलं तुम्हाला.”

“मला काही दिसत नाहीय,” मी म्हटलं आणि गाडी हळू केली.

“अगं काम करतंय की! समोर बघ, अख्खा चढाव दिसतोय.”

“तुला दिसतोय. गाडी मी चालवतेय.”

“ते होईल गं, किरकोळ आहे,” तो मांड्यांवर हात थोपटत म्हणाला. खुशीत होता. खुशीत माणूस खरं बोलतो. “आता एक चांगला ड्रायव्हर ठेवू. मी बोलून ठेवलंय एकाशी. पहिल्या तारखेपासून येईल. बागेचं तो बघत जाईल येता-जाता, कोर्टात मला सोडील, तुलाही देवाबिवाला जायचं तर—”

“पिचकारी बसली की मी चालवायची असं ठरलं होतं.”

“ठरलं होतं म्हणजे... तेव्हा तू ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हतीस, म्हणून म्हटलं. वैशंपायनांनासुद्धा मी तेव्हाच सांगितलं होतं. समजून घे. तुझा हात असा, वय हे असं. लोक मला विचारतात, वकिलांना बहिणीला गाडी चालवायला लावावी लागते काय?”

मी आरशात बघितलं. वैशंपायन खिडकीबाहेर पाहत होते. आगाशे उपरण्याने तोंड पुसत होते. विठू स्वतःच्या पायांकडे पाहत होता. म्हणजे विठूलासुद्धा माहीत होतं! इतके रविवार मी यांच्यासाठी पोहे परतले, एसटीच्या थांब्यावर उभी राहिले, मोहोर काळा पडू दिला, आणि या सगळ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं की गाडी मला मिळणार नाही. माझी मलाच कीव आली, आणि मग त्यांची किळस आली.

मी ब्रेक दाबला. रस्त्याच्या मधोमध. इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला, किल्ली काढली आणि चारुदत्तच्या मांडीवर टाकली.

“धर. तुझी गाडी. चालव.”

“मालू, हा काय पोरकटपणा—”

मी दार लावलं आणि चढावाला चालायला लागले. मागून तो हाका मारत होता, आधी दरडावून, मग हळू. मी वळून बघितलं नाही. बाग इथून लांब नव्हती, आणि चालत जायला मला कोणाच्या बापाला विचारायचं नव्हतं.

थोडी वर गेले तो समोरून पावसहून रत्नागिरीला जाणारी एसटी आली. मी बाजूला झाले आणि गडग्यावर बसले. एसटी खाली गेली आणि मॉरिससमोर उभी राहिली. भोंगा वाजला. पुन्हा वाजला. एसटीला त्या चढावावर मागे जाणं शक्य नव्हतं. मॉरिसलाच खाली, पुलाजवळ जिथे रस्ता जरा रुंद आहे, तिथवर मागे जायला हवं होतं. कंडक्टर उतरला.

“ओ शेट, गाडी मागं घ्या.”

चारुदत्त खाली उतरला. हातात किल्ली. “जरा... अडचण आहे.”

“बंद पडलीय?”

“नाही.”

“मग घ्या की मागं.”

“मला चालवता येत नाही,” चारुदत्त म्हणाला. कोर्टात त्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो. तेव्हा जेमतेम कंडक्टरपर्यंत गेला.

कंडक्टरने गाडीत वाकून बघितलं. वैशंपायनांनी मान हलवली, आगाशांनी मान हलवली. एसटीच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. रिकाम्या टोपल्या घेतलेली एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, “आगो बाय! चार चार बापये बसलेत आन एकाला येत नाय?” सगळी एसटी हसली.

चारुदत्त माझ्याकडे चढून आला. धापा टाकत होता. “चल. लोक बघतायत. घरी जाऊन बोलू.”

मी बसून राहिले. कंडक्टर त्याच्या मागोमाग वर आला. त्याला उशीर होत होता, त्याला आमच्या घरच्या भानगडीशी काय देणंघेणं?

“ओ, आधी सांगा, गाडी कोनाची हाय? ज्याची आसल त्यानं काढावी.”

“आमची,” चारुदत्त म्हणाला.

“आमची म्हणजे कोनाची? तुमची?”

चारुदत्तने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. पाहत राहिले. मी त्याला काहीही सांगणार नव्हते.

“हिची,” तो म्हणाला.

“कोनाची?” खालून एसटीचा ड्रायव्हर ओरडला. इंजिन धडधडत होतं, त्याला आमचं काही ऐकू जात नव्हतं. “कोन काढतोय गाडी?”

“हिची!” चारुदत्त ओरडला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. “गाडी हिची आहे! माझ्या बहिणीची! हीच चालवते!”

मी उठले. पदर खोचला. किल्लीसाठी हात पुढे केला, त्याने दिली.

खाली जाऊन आधी मी बॉनेटवर वाकले. पदराची पिन काढून माझ्या बाजूच्या टोटीच्या भोकात घातली आणि जरा फिरवली. हिरवं पातं वर आलं. दूर्वा. मागच्या सीटवरून आगाशे उतरत होते, त्यांच्या हातावर ती ठेवली. “देवाचं देवाला द्या हो,” म्हटलं. त्यांनी ती उपरण्याच्या टोकाला बांधली.

“बाकीचेही उतरा,” मी म्हटलं. उतरले. मी गाडी मागे घेतली, वाकड्या हाताने, मागे मान वळवून, गडग्याला वीतभर जागा ठेवून, पुलाजवळच्या रुंदीपर्यंत. एसटी पुढे सरकली आणि माझ्या शेजारी थांबली.

“कंडक्टर, या चौघांना रत्नागिरीला सोडा,” मी सांगितलं. “त्यांची चाचणी झालीय.”

वैशंपायन, आगाशे, विठू मुकाट चढले. म्हातारीने टोपल्या जवळ ओढून त्यांना जागा करून दिली. चारुदत्त मात्र माझ्या खिडकीपाशी येऊन उभा राहिला. मला वाटलं आता दमदाटी करील, निदान किल्ली संध्याकाळी खुंटीला लाव म्हणून सांगेल. मी उत्तर तयार ठेवलं होतं, चांगलं जहरी. तो काचेवरच्या धुळीकडे बघत होता.

“जेवायला,” तो म्हणाला, आणि थांबला. “जेवायला कधी येतेस?”

उभ्या जन्मात त्याने मला कधी यायचं ते सांगितलं होतं. कधी येतेस ते विचारलं नव्हतं.

“बाग बघून झाली की,” मी म्हटलं आणि गिअर टाकला.